गव्याचा वेश घरी शिवायचा तर: मोठ्या माणसासाठी हूडवाला अंगभर ड्रेस, पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

शिगमो, म्हणजे गोव्यातला शिमगा, जवळ आला की आमच्याकडे फोंड्यात वेशभूषेची चर्चा सुरू होते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच की मोठ्या माणसाला घालता येईल असा प्राण्याचा ड्रेस घरी शिवता येतो का. येतो. शाळेतल्या पोरांचे ससे नि वाघ भाड्याने मिळतात पण साडेपाच फुटी माणसाच्या मापाचं बहुतेक काही मिळत नाही, आणि मिळालंच तर ते जाड पॉलिस्टर फरचं, जे मार्चच्या दमटात अर्धा तास घालून दाखवावं म्हणजे कळेल. मी आतापर्यंत असे चार ड्रेस शिवलेत, त्यातला पहिला फाटला, बाकीचे तीन अजून वापरात आहेत, आणि पहिला का फाटला ते कळल्यामुळेच बाकीचे टिकले म्हणून तेच आधी सांगते.

पहिला ड्रेस दादासाठी शिवला होता. दिसायला सुंदर. घरी आरशासमोर उभा राहिला तेव्हा सगळे खूश, फोटो काढले. मिरवणुकीच्या दिवशी मेळाचा, म्हणजे नाचणाऱ्या पथकाचा, नंबर लागेपर्यंत तीन तास टेंपोच्या कडेला थांबायला लागलं, तो कंटाळून उकिडवा बसला आणि आसनापाशी, म्हणजे दोन पायांच्या मधल्या शिवणीत, टर्रकन आवाज आला, पुढून मागपर्यंत वीतभर शिवण उसवली. सेफ्टी पिना लावून तो नाचला पण ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकींना ड्रेस नेऊन दाखवला, त्या चाळीस वर्षं शिवतायत, त्यांनी कपडा हातात पण घेतला नाही, दादाला म्हणाल्या, "पयलीं बसून दाखय रे." तो बसला. पाठीकडून सगळा कपडा खाली ओढला गेला आणि हूड मानेवरून मागे गेलं. शिवण मजबूत होती, माझी टीप चांगली होती, माप चुकलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक ड्रेस आत जो माणूस असणार आहे तो बसेल, वाकेल, हात वर करून शिगम्यातल्या आरोळीप्रमाणे ओस्सय म्हणत नाचेल, घामाघूम होईल, बाथरूमला जाईल, हे धरून शिवते. दिसणं त्याच्यानंतर.

प्राणी कुठला, तर मी इथे गवाच घेतेय. गवा गोव्याचा राज्यप्राणी आहे, बोंडल्याला, मोलेला, खोतीगावला जंगलात आहे, सत्तरी तालुक्यातल्या गावांत तर काजूच्या बागायतीत येतो. आणि शिवायलाही तो सोपा, कारण त्याचे रंग मोठ्या सरळ पट्ट्यांत आहेत. वाघाचे पट्टे नि बिबट्याचे ठिपके एकेक करून लावायला आठवडा जातो. गव्याचं अंग गडद चॉकलेटी ते काळपट, मोठा नर जवळजवळ काळाच, आणि चारही पाय गुडघ्यापासून खाली मळकट पांढरे, जसे मोजे घातलेत. कपाळ राखाडी, फुगीर. शिंगं बुडाला पिवळसर आणि टोकाला काळी. इथे बऱ्याच जणांची चूक होते, गव्याला म्हशीची शिंगं लावतात, मागे वळलेली. गव्याची शिंगं डोक्याच्या दोन बाजूंनी बाहेर जातात आणि मग वर वळतात, टोकं आतल्या अंगाला. ही एक गोष्ट बरोबर केली तर लांबून पण लोक ओळखतात. दुसरा प्राणी करायचा असेल तरी खालची मापं नि पद्धत तीच, फक्त कान-शिंगं-शेपटी बदलेल.

कपडा

फर नको, पोलर फ्लीस पण नको. दोन्ही बहुतेक पॉलिस्टरचे, घाम शोषत नाहीत, आत ऊब धरून ठेवतात. कार्निव्हल फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला आणि शिगमो फाल्गुनात म्हणजे मार्चमध्ये, तेव्हा इथे दुपारी ३२-३३ डिग्री असतं आणि हवा दमट. मी वापरते ते कॉटनचं लूपनिट (निट म्हणजे ताणलं जाणारं विणीचं कापड), ज्याचे स्वेटशर्ट शिवतात ते, बाहेरून गुळगुळीत, आतून बारीक बारीक फासे. २४० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) आसपासचं घ्या, त्याच्याहून पातळ घेतलं तर अंगाला चिकटतं आणि ड्रेसला आकार राहत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शोधून मिळतं कधीकधी, नाहीतर कुणी बेळगावला जात असेल तर तिथून मागवायचं, आमच्याकडे लग्नाचा बस्ता पण तिथूनच येतो. निटेड कपडा बऱ्याच ठिकाणी किलोवर देतात, त्यामुळे हिशोब माहीत पाहिजे: ६० इंच पन्ह्याचा २४० जीएसएमचा कपडा किलोला साधारण पावणेतीन मीटर बसतो. ५ फूट ८ इंच उंचीच्या माणसाला गडद रंग ३ मीटर, मळकट पांढरा १ मीटर, राखाडी अर्धा मीटर पुरतो. शुभ्र पांढरा घेऊ नका, रस्त्यावर तासाभरात काळा होतो आणि गव्याचे पाय तसे शुभ्र नसतातही.

बाकी लागेल ते: हूडच्या अस्तराला पातळ कॉटन पाऊण मीटर, शिंगांना पिवळसर आणि काळं पॉपलिन पाव-पाव मीटर (निट नको, ताणलं जाऊन शिंग भोपळ्यासारखं फुगतं), मीटरवर मिळणारी नायलॉन चेन एक मीटर आणि दोन रनर (चेन उघडझाप करायचे सरकते हूक), एक इंची इलास्टिक, थोडं बकरम (ताठ कापड), इस्त्रीने चिकटणारं पातळ कॅनव्हास, भरायला उशीतला फायबर कापूस, आणि शेपटीच्या गोंड्यापुरती काळी फर, वीतभर. फर एवढीच.

कपडा आणल्या आणल्या शिवायला बसू नका. आधी पाण्यात बुडवून ठेवा रात्रभर, मग धुवून सावलीत वाळवा. कॉटन निट पहिल्या धुण्यात लांबीत हमखास आटतं, आणि आपल्याला लांबीच सगळ्यात महत्त्वाची आहे. गडद रंग आणि पांढरा वेगवेगळे भिजवा. गडद कपड्याचं पाणी स्वच्छ येईपर्यंत दोनतीनदा धुवा, नाहीतर घामाने रंग उतरून पांढऱ्या पायांवर ओघळ येतात आणि ते मग जात नाहीत.

माप, आणि त्यातलं एक माप जे कुणी घेत नाही

छाती, कंबर, सीट, हाताची लांबी, खांदा, पायाची आतली लांबी ही मापं सगळेच घेतात, घ्या. पण वरखाली एकच सलग ड्रेस असला की खरं माप म्हणजे पूर्ण वेढा. एका खांद्याच्या मधोमध टेप धरायची, पुढून छातीवरून खाली, दोन पायांच्या मधून मागे, पाठीवरून वर परत त्याच खांद्यावर आणायची. माणसाने सरळ उभं राहायचं, टेप सैलसर, ओढायची नाही. दादाचं आलं ६५ इंच. मी पहिला ड्रेस टीशर्टची लांबी आणि पँटचं आसन जोडून अंदाजाने बेतला होता, तो मोजला तर वेढा भरला साडेबासष्ट. म्हणजे उभं राहतानाच अडीच इंच कमी होता, फक्त निटच्या ताणावर तो अंगावर बसला होता, आणि माणूस बसला की पाठ-सीटवरची लांबी आणखी वाढते.

या वेढ्यात ७ इंच मिळवायचे. ६५ चे ७२. नवीन माणसाला हे फार वाटतं, आसन लोंबेल असं वाटतं, आणि थोडं लोंबतंही, पण प्राण्याच्या ड्रेसला ते शोभतं आणि बसताना तेच कामाला येतं. छाती आणि सीटच्या घेरात ८ ते १० इंच सैल ठेवा, म्हणजे आत हवा खेळते.

पॅटर्न जुन्या कपड्यांवरून

शिवणक्लासमध्ये शिकवतात तसं आकडेमोडीने बेतणं नवीन माणसाला जड जातं, त्यापेक्षा त्याच माणसाचा एक ढगळ टीशर्ट आणि एक सैल ट्रॅकपँट घ्या. वर्तमानपत्रं चिकटवून पाच फूट लांब कागद करा. टीशर्ट मधोमध उभा दुमडून त्याचा पुढचा अर्धा भाग कागदावर आखा, बाही सोडून, मुंढ्याची (बाही अंगाला जोडतात त्या जागेची) शिवण बोटाने चाचपत. मागचा अर्धा भाग दुसऱ्या कागदावर असाच आखा. मग ट्रॅकपँटचा एक पाय दुसऱ्या पायात घाला म्हणजे आसनाचा गोल आकार टोकासकट बाहेर दिसतो, कमरेचं इलास्टिक ताणून सपाट करून टाचण्या मारा, आणि टीशर्टच्या आकाराखाली तो पाय असा ठेवा की मधल्या रेषा एकाखाली एक येतील. आता पँट वरखाली सरकवायची. किती, ते पूर्ण वेढा सांगेल. पुढच्या कागदावर खांद्याच्या मध्यापासून खाली आसनाच्या वळणावरून टोकापर्यंत मोजा, मागच्या कागदावर तसंच मोजा, दोन्हीची बेरीज ७२ आली पाहिजे. कमी भरली तर पँट खाली सरकवा, टीशर्ट आणि पँटमध्ये फट पडली तरी चालेल, फट रेषेने जोडून टाकायची. मागचा भाग पुढच्यापेक्षा मोठा येईल, आसनाचं मागचं टोक जास्त लांब असतं, ते तसंच पाहिजे, दोन्ही सारखे करायच्या मोहात पडू नका.

बाजूची रेषा काखेपासून घोट्यापर्यंत एकसंध काढा, कमरेपाशी आत घेऊ नका. बाही टीशर्टच्या मुंढ्यावरूनच आखा, पण मनगटापर्यंत लांब आणि ढगळ. कडेने सगळीकडे अर्धा इंच मार्जिन (शिवणीत जाणारा जास्तीचा कपडा), आसनाला पाऊण.

आता पांढरे पाय. कागदावर गुडघ्याच्या जरा वर आडवी रेष मारा, बाहीवर कोपराच्या जरा खाली, आणि तिथून कागद कापा. कापलेल्या दोन्ही कडांना परत अर्धा अर्धा इंच मार्जिन द्यायचं असतं, हे विसरलात तर प्रत्येक पाय एक इंच आखूड होतो. मी कापायच्या आधी दोन्ही बाजूंवर लाल पेनने "मार्जिन दे" लिहून ठेवते.

खरा कपडा कापायच्या आधी जुन्या चादरीचा एक ड्रेस कच्च्या टाक्यांनी जोडून घालून बघा. हूड नको, पांढरे पाय नकोत, फक्त अंग. चादर ताणत नाही, त्यामुळे चादरीत बसता आलं तर निटमध्ये येणारच. त्याला खुर्चीत बसवा, उकिडवं बसवा, हात डोक्यावर जोडायला सांगा, पायरी चढायला लावा. हात वर केल्यावर आसन वर ओढलं जात असेल तर मुंढा फार खोल गेलाय, कागदावर काखेचं टोक एक इंच वर घ्या. दोन तास जातात याला. कंटाळा करू नका, सगळ्या शिवणकामात मी हे दोन तास सगळ्यात मोलाचे मानते.

कापणं आणि मशीन

निट कपडा टेबलावरून खाली लोंबू देऊ नका, वजनाने ताणतो आणि कापलेला तुकडा मग आखडतो. फरशीवर पसरा. उभा धागा म्हणजे काठाला समांतर दिशा, ती सगळ्या तुकड्यांत वरून खालीच यायला पाहिजे, ताण आडवा पडतो आणि अंगाला आडवाच ताण लागतो.

मशीनला बॉलपॉइंट सुई लावा, १४ नंबर. साधी सुई निटचे धागे तोडते आणि धुतल्यावर भोकं दिसतात. झिगझॅग असेल तर अगदी अरुंद झिगझॅग वापरा. बहुतेकांच्या घरी आईची पायाची मशीन असते, सरळ टीपच मारते, तिच्यावरही होतं, शिवताना कपडा पुढून नि मागून हलकासा ताणून धरायचा म्हणजे टाक्यात ताण राहतो, आणि प्रत्येक शिवणीला पाव इंचाच्या आत दुसरी टीप. पॉलिस्टर दोरा घ्या, सुती दोरा ताणाला तुटतो. आधी चिंधीवर चार टिपा मारून दोन्ही हातांनी ओढून बघा, दोरा तुटला तर वरचं टेन्शन सैल करा.

जोडायचा क्रम

आधी पांढरे तुकडे गडद तुकड्यांना जोडून घ्या, बाह्यांचे आणि पायांचे, म्हणजे पुढे सगळे पूर्ण तुकडे हाताशी राहतात. मग मागचे दोन भाग पाठीच्या मधल्या शिवणीने जोडा, आणि इथेच शेपटी आत धरायची. शेपटी कमरेच्या चारेक इंच खाली, माकडहाडाच्या जागी. त्याच्याखाली लावली तर माणूस तिच्यावर बसतो. आतून हाताच्या तळव्याएवढा चौकोन जाड कॉटनचा लावून त्याच्यावर चौकट आणि फुली अशी टीप मारा, कारण मिरवणुकीत पोरं शेपटी ओढतात, ओढणारच.

शेपटी म्हणजे दीड इंच रुंद नळी, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, हलका कापूस भरलेली, टोकाला फरचा गोंडा. फर कात्रीने वरून कापू नका, केस कापले जातात. उलटी करून मागचा पाया फक्त ब्लेडने चिरायचा. केसांची दिशा खाली.

मग पुढचे दोन भाग. आसनाच्या टोकापासून वर चार-पाच इंच शिवण मारा, त्याच्यावर चेन. चेन २५-२६ इंच तरी पाहिजे, बाथरूमला जाताना पूर्ण ड्रेस खांद्यावरून काढता आला पाहिजे, बायकांसाठी तर आणखी खाली न्या. दोन रनर समोरासमोर घाला म्हणजे खालून पण उघडता येते. निटला चेन लावताना कपडा ताणला जातो आणि चेनीला लाटा येतात, त्यासाठी दोन्ही कडांना आतून एक इंच रुंद कॅनव्हासची पट्टी इस्त्री करून चिकटवा आणि मगच चेन कच्च्या टाक्याने बसवा, मग टीप. चेनीच्या मागे दोन इंची कपड्याची पट्टी सोडा, नाहीतर दात पोटाला घासतात.

खांदे जोडा. खांद्याच्या शिवणीत कॉटनची अरुंद पट्टी घाला, सगळ्या ड्रेसचं वजन तिथेच लटकतं. बाही उघडीच असताना मुंढ्याला जोडा, नंतर मनगटापासून काखेतून थेट घोट्यापर्यंत एका सलग शिवणीत बाजू बंद करा, पांढऱ्या-गडद जोडाची रेष दोन्हीकडून जुळते का ते टाचणीने आधी धरून. कमरेच्या खाली याच शिवणीत आतल्या बाजूला खिसा घाला, मोबाईल नि घरची किल्ली ठेवायला, खिसा पॉपलिनचा, निटचा केला तर मोबाईल गुडघ्यापर्यंत लोंबतो. शेवटी पायांची आतली शिवण, एका घोट्यापासून सुरू करून आसनावरून दुसऱ्या घोट्यापर्यंत. आसनापाशी तीनदा टीप मारते मी, आणि ज्या ठिकाणी चार शिवणी मिळतात तिथे मार्जिन एकाच बाजूला न दाबता दोन बाजूंना उघडून.

घोट्याला आणि मनगटाला इलास्टिकचा नेफा करायचा की सरळ दुमडायचं? मी घोट्याला इलास्टिक घालते कारण नाचताना कपडा पायाखाली येऊन माणूस पडतो, मनगट मात्र उघडं ठेवते, तिथून हवा जाते.

हूड

हूड दोन तुकड्यांचं केलं तर डोक्यावर टोक येतं. गव्याचं कपाळ रुंद, म्हणून तीन तुकडे: दोन बाजू आणि मध्ये पुढून मागे जाणारा पट्टा. माप असं: मान जिथे खांद्याला मिळते तिथून डोक्यावरून दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेपर्यंत. दादाचं २७ इंच. त्यात ३ मिळवले, ३० झाले. मधला पट्टा तयार ५ इंच रुंद, उरले २५, म्हणजे प्रत्येक बाजूची उंची साडेबारा. चेहऱ्याच्या कडेपासून मागपर्यंत खोली १० इंच. वरचा मागचा कोपरा डब्याच्या झाकणाने गोल करून घ्या. हे सगळे तयार आकडे आहेत, मार्जिन वेगळं. पट्ट्याची लांबी अंदाजाने कापू नका, टेप कडेवर उभी धरून बाजूच्या गोलाईवर फिरवा, येईल तेवढी. पट्ट्याचा पुढचा अर्धा राखाडी, मागचा अर्धा गडद, झालं कपाळ.

हूडच्या तळाचा घेर आणि ड्रेसच्या गळ्याचा घेर जोडायच्या आधी मोजून जुळवा. अर्धा-एक इंच हूड जास्त असेल तर निट आहे, सामावतं. जास्त फरक असेल तर पट्ट्याच्या खालच्या टोकाला निमुळता करा, बाजूंना हात लावू नका.

शिंगं. मला यात सगळ्यात जास्त आनंद होतो. दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणाऱ्या पोरांना कागदाच्या लगद्याची शिंगं सुचतात, दिसतात झकास, पण गर्दीत नाचताना कुणाच्या डोळ्याला लागली तर काय घ्या, आणि हूड मागे ओढलं जातं. कापडाचीच करा. आधी काळ्या नि पिवळ्या पॉपलिनची पट्टी एकमेकींना जोडून घ्या, मगच त्याच्यावर केळ्यासारखा आकार आखा, टोकाचे तीन इंच काळ्यात. बाहेरच्या वळणावर लांबी १० इंच, बुडाला रुंदी तयार साडेतीन. असे दोन तुकडे एका शिंगाला, दोन शिंगांचे चार, त्यातले दोन उलटे. शिवून आतल्या वळणाच्या मार्जिनला बारीक खाचा मारा, सुलटं करा, आणि कापूस चिमूटभर चिमूटभर घेऊन आधी टोकात पेन्सिलच्या मागच्या बाजूने घट्ट बसवा. एकदम मोठा गोळा कोंबला तर टोक पोकळ राहतं आणि दोन दिवसांत मान टाकतं. मी मध्ये जुन्या योगा मॅटची गुंडाळी पण घालते, ताठ राहतं, वजन नाही.

कान शिवणीत सपाट धरून शिवले तरी चालतात, ते हलले की बरंच दिसतं. शिंग सपाट धरून शिवलं तर लोळतं. म्हणून मधला पट्टा आणि बाजू जोडताना चेहऱ्याच्या कडेपासून चार इंचांवर साडेतीन इंच जागा दोन्हीकडे उघडी सोडायची, तिची कड सगळीकडून ७ इंच भरते आणि शिंगाचा घेरही ७, बरोब्बर बसतं. शिंगाच्या बुडात बकरमची गोल चकती घाला, बूड अर्धा इंच आत ढकला आणि दुहेरी दोऱ्याने सगळीकडून हाताने शिवा, एक टाका शिंगात एक हूडमध्ये, दोन फेऱ्या. आतून दोन्ही शिंगांना जोडणारी कॅनव्हासची आडवी पट्टी शिवून टाका, म्हणजे एक शिंग बाहेर पडायला लागलं की दुसरं त्याला धरतं. कान शिंगांच्या खाली, शिवणीपासून दीड इंचावर दोन इंचांची चीर देऊन, बाहेर पडणारे, किंचित खाली झुकलेले.

डोळे टेबलावर ठेवून लावू नका. हूड माणसाच्या डोक्यावर चढवा, खडूने खूण करा, मग काळ्या रेक्झिनचे गोल शिवा. सपाट कपड्यावर जी जागा बरोबर वाटते ती डोक्यावर गेल्यावर दोनेक इंच मागे सरकलेली असते.

अस्तर तसंच तीन तुकड्यांत पातळ कॉटनचं कापा, सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवून चेहऱ्याच्या कडेने शिवून उलटवा. अस्तर लावायच्या आधी शिंगांच्या बुडाला धरून डोक्याच्या मागून जाणारी एक इंची इलास्टिक पट्टी शिवा, ती मागे कवटीच्या खालच्या खोलगट भागात बसते आणि हूड मागे घसरत नाही. हनुवटीखालून नाडी बांधायची पद्धत मला आवडत नाही, ढोल वाजायला लागले की माणूस ओरडतो आणि नाडी गळ्याला काचते. मानेच्या मागे अस्तरात आणि कपड्यात दोन इंचांची उघडी फट ठेवली तर डोक्याची गरम हवा बाहेर जाते, वरून गोंड्यातल्या उरलेल्या फरची पट्टी शिवली की दिसत पण नाही.

घालायच्या दिवशी

आत पातळ सुती बनियन आणि हाफ पँट. घालायच्या आधी पाणी प्या, मध्ये मध्ये हूड मागे टाकून बसा. हूड घातलं की बाजूचं दिसत नाही आणि ऐकू कमी येतं, रस्ता ओलांडताना हूड काढा, आणि स्कूटरवर तर अजिबात नको, शिंगांवर हेल्मेट बसत नाही आणि हेल्मेटशिवाय जायचं नाही. होळी पेटवलेली असेल तिथे लांब उभं राहा, फायबर कापूस नि फर पॉलिस्टरचं असतं, ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. खिशात सुई-दोरा आणि सहा सेफ्टी पिना. मी अजूनही देते.

नंतर धुताना चेन बंद करून ड्रेस उलटा करा, थंड पाण्यात हाताने, शिंगं पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. वाळायला दोन दिवस लागतात शिंगांना. इथल्या पावसाळ्यात कपाटात काहीही ठेवलं तरी बुरशी धरते, त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हात एकदा खडखडीत वाळवून सुती पिशवीत घाला, प्लास्टिकच्या नको, सोबत कडुनिंबाचा पाला, आणि हूडमध्ये वर्तमानपत्राचे गोळे भरून शिंगं वर राहतील असं ठेवा. चतुर्थीला माळ्यावरून माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या सजावटीच्या चौकटीचं) सामान काढाल तेव्हा तो पाला बदला.